बाईंची पंचसूत्री

खुरपणीचे दिवस आहेत, त्यामुळं हातातलं काम चालू ठेवूनच ऐका.

आज १२ ऑगस्ट. आपल्या देशात हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. ग्रंथपाल म्हणजे वाचनालयातली पुस्तकं सांभाळणारी व्यक्ती. डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती या दिवशी साजरी होते. रंगनाथन मूळचे तमिळनाडूचे, गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून आले आणि पुढं सगळ्या देशाला त्यांनी वाचनालय कसं चालवायचं ते शिकवलं. १९३१ मध्ये त्यांनी त्याचे पाच नियम पुस्तकात मांडले. त्याच वर्षी तमिळनाडूत मन्नारगुडीला एक बैलगाडी पुस्तकं भरून खेड्यापाड्यांत फिरायला लागली. तिच्या उद्घाटनाला रंगनाथन स्वतः होते. पुस्तकं काही फक्त शहरातल्या लोकांसाठी नाहीत, हे त्यांनी असं बैल जुंपून सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आज बचत गटाचं सोडून हे काय काढलं? तर ते पाच नियमच काढायला लावतात. आपल्या गटाची पंचसूत्री तुम्हाला झोपेतही पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. मी नवीन गटांना ही पंचसूत्री शिकवायला लागले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पंचसूत्री हा शब्द मी पहिल्यांदा अंबडला शाळेत असताना वाचलाय. वाचनालयाच्या भिंतीवर एक पिवळा पुठ्ठा लावलेला होता, त्याच्यावर निळ्या शाईनं रंगनाथन यांचे पाच नियम लिहिलेले होते. लिहिणाऱ्या आमच्या ग्रंथपाल बाई. त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांना स्वतःचं नाव कुठं आलेलं आवडायचं नाही, आणि आम्ही तरी त्यांना नावानं कधी हाक मारली? आमच्यासाठी त्या नुसत्या बाई. शिकवणाऱ्या बाईंना विषयाचं नाव लागायचं, गणिताच्या बाई, हिंदीच्या बाई. नुसतं बाई म्हटलं की वाचनालय.

बाई अर्धवेळ ग्रंथपाल होत्या. पगारही अर्धाच. दुपारी याव्या, शाळा सुटेपर्यंत थांबाव्या, असा नेम. पण आमची गावाकडून येणारी एसटी सकाळी लवकर पोचायची आणि आम्ही पोरी पायऱ्यांवर बसून राहायचो, हे बघितल्यावर बाई सकाळीच यायला लागल्या. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, त्याचा पैसाही नव्हता.

आम्ही गावाकडच्या पोरी शाळेत येऊ शकत होतो ते मोफत पासामुळं. तो पास पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतला. अंबडला अहिल्यादेवींची आठवण देवळांत आहे, बारवेत आहे, पण मला विचाराल तर माझ्यासाठी ती त्या पासात होती. पास नसता तर माझ्यासारख्या किती जणींची शाळा चौथीतच संपली असती.

तर त्या पुठ्ठ्यावरचा पहिला नियम: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. वाचायला सोपा वाटतो. पण आपण किती शाळांमधून बघतो, पुस्तकाचं कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत, कपाटाला कुलूप, आणि किल्ली कुणाकडं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. पुस्तक फाटलं तर जबाबदार कोण, ही भीती. बाईंनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर कपाटाची दारं उघडी केली. आम्ही आत हात घालायचा, पुस्तक काढायचं, चार पानं चाळायची, नको असेल तर टेबलावर ठेवायचं. एकदा शाळेत तपासणी होती. कुणीतरी बाईंना म्हणालं, पुस्तकं फार मळलीत. बाई म्हणाल्या, “कोरी राहिली असती तर मला लाज वाटली असती.” आमच्या गटातही असंच आहे बघा. पैसा पेटीत पडून राहिला तर तेवढाच राहतो. एकीकडून दुसरीकडं फिरला की शेळी होतो, शिलाई मशीन होतो, लेकराची फी होतो.

दुसरा नियम: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट सांगते. माझ्या बाकावरची मैत्रीण दरवर्षी दिवाळी झाली की दिसेनाशी व्हायची. तिच्या आईवडलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असायची. टोळी निघाली की तीही कारखान्याला जायची. दिवसभर कोपीत धाकट्या भावाला सांभाळायचं, पाणी भरायचं, भाकरी टाकायच्या, बैलांपुढं वाढं टाकायचं. पाडव्याच्या आसपास परत यायची तेव्हा वर्ग कितीतरी पुढं गेलेला असायचा. आमच्या भागातल्या बायकांना हे काही समजावून सांगायला नको.

त्या वर्षी निघायच्या आधी ती बाईंकडं पुस्तक परत करायला आली. बाईंनी विचारलं, “नवीन नको का?” ती म्हणाली, “बाई, आम्ही चाललो ऊस तोडायला. सात दिवसांत कसं परत आणू?” नियम सात दिवसांचा होता. बाईंनी तिला चार पुस्तकं काढायला लावली. देवघेवीच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहिलं, पुस्तकांचे नंबर लिहिले. परत करण्याच्या तारखेच्या रकान्यात लिहिलं, पाडव्यानंतर. आणि शेजारी स्वतःची सही केली. मी जवळच उभी होते. मी विचारलं, “बाई, तुमची सही कशाला?” बाई म्हणाल्या, “जामीन लागतो ना कुणीतरी.”

मैत्रिणींनो, जामीन म्हणजे काय हे मी बँकेत शिकले नाही, त्या दिवशी शिकले.

पाडव्यानंतर ती आली. पुस्तकं जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली होती. तीन धड होती, डाग पडलेली पण धड. चौथ्याची पानं अवकाळी पावसानं भिजून एकमेकांना चिकटली होती. ती रडायलाच लागली. बाईंनी विचारलं, “वाचलं होतंस का भिजायच्या आधी?” तिनं मान हलवली. “मग सांग काय होतं त्यात.” तिनं उभ्या उभ्या सगळी गोष्ट सांगितली. बाईंनी पुस्तकाची किंमत आपल्या पर्समधून भरली, पावती फाडली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, वाचून झाल्यावर खराब झाले.

तिसरा नियम: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. गोष्टीची पुस्तकं तर सगळेच नेतात. पण कपाटाच्या खालच्या कप्प्यात सरकारी पुस्तिका पडलेल्या असायच्या, शेळीपालन, गांडूळखत असल्या. त्यांना कोण हात लावणार? बाईंना मात्र प्रत्येकीच्या घरचं ठाऊक असायचं. कुणाकडं काय पिकतं, कुणाच्या दारात किती जनावरं आहेत, कुणाची आई आजारी आहे. एका पोरीच्या आईकडं शेळ्या होत्या. बाईंनी तिला शेळीपालनाची पुस्तिका दिली आणि सांगितलं, “ही तुझ्यासाठी नाही, आईसाठी आहे. तू फक्त मोठ्यानं वाच.” पोरीनं चुलीपुढं बसून वाचलं. पावसाळ्याच्या आधी शेळ्यांना आंत्रविषाराची लस द्यावी, हे त्या घरात पहिल्यांदा कळलं ते असं. तोवर पहिल्या पावसात, कोवळ्या चाऱ्यावर शेळ्या अचानक मरायच्या आणि लोक नजर लागली म्हणायचे. जनावरांच्या दवाखान्यात लस मिळते, हे आईनं दुसऱ्याच दिवशी शेजारणींनाही सांगितलं. एका पुस्तिकेनं किती घरं गाठली बघा, आणि त्यातल्या बऱ्याच बायकांना अक्षरओळखही नव्हती.

चौथा नियम: वाचकाचा वेळ वाचवा. आम्हा पोरींकडं वेळ कुठला होता? मधल्या सुट्टीत डबा खायचा, पाणी प्यायचं, तोवर घंटा. शाळा सुटली की एसटी. एसटी चुकली तर घरी बोलणी, आणि दुसऱ्यांदा चुकली तर शाळाच बंद. बाईंनी त्यावर पिशव्या काढल्या. खताच्या पोत्याच्या शिवलेल्या पिशव्या, प्रत्येकीवर गावाचं नाव: वडीगोद्री, सुखापुरी, रोहिलागड, शहागड. सोमवारी पोरींनी चिठ्ठीवर लिहून द्यायचं कोणतं पुस्तक पाहिजे ते. मंगळवारी बाई पिशव्या भरून दाराजवळ ठेवायच्या. गावातली एक पोरगी पिशवी उचलायची, आणि एसटीतच वाटप व्हायचं. कंडक्टरमामा विचारायचे, “पिशवीला तिकीट काढलं का?” आणि हसायचे.

मला तेव्हा वाटायचं, ही बाईंच्या डोक्यातली युक्ती. पुढं बी.ए.ला असताना वाचलं की बडोद्याला सयाजीराव गायकवाड महाराजांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. सयाजीराव आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. त्यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण लोक शाळा शिकून पुन्हा सगळं विसरून जातील, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय, म्हणून त्यांनी गावोगाव वाचनालयं काढली. १९१० मध्ये त्यासाठी अमेरिकेतून बोर्डन नावाचे जाणकार बोलावले. जिथं वाचनालय नव्हतं तिथं पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या. बडोद्याची पेटी, मन्नारगुडीची बैलगाडी आणि अंबडची एसटीतली पिशवी, तिन्हींमागचा विचार एकच. वाचणाऱ्याला यायला जमत नसेल तर पुस्तकानं जावं.

पाचवा नियम: वाचनालय वाढत राहतं. बाई म्हणायच्या, लेकरासारखं. शाळेला नवीन पुस्तकांसाठी पैसा थोडाच मिळायचा. मग वाढणार कसं? बाईंनी आम्हाला सांगितलं, “घरी आजी आहे ना? तिला येत असलेल्या दहा ओव्या लिहून आणा.” आम्ही हसलो. ओव्या काय पुस्तकात असतात? घरी आजीला सांगितलं तर तीही म्हणाली, “जातं गेलं, गिरणी आली. आता ओव्या घेऊन काय करता?” पण एकदा म्हणायला बसली तर थांबेना. दहा कुठल्या, मी चाळीस लिहिल्या. माहेराच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या, मत्स्योदरी देवीच्या. सगळ्या पोरींच्या मिळून एक दोनशेपानी वही भरली. बाईंनी तिला खाकी कव्हर घातलं, शाळेचा शिक्का मारला, दाखल रजिस्टरमध्ये नोंदवून नंबर दिला आणि इतर पुस्तकांच्या शेजारी ठेवली.

माझी आजी बाजाराच्या दिवशी शाळेत आली ती वही बघायला. वाचनालयाच्या दारात चपला काढल्या, देवळात काढतात तशा. वही हातात घेतली आणि म्हणाली, “यात माझं कुठं हाय?” बाईंनी पान काढलं, आजीचं बोट धरलं आणि तिच्या नावावर टेकवलं. आजी बराच वेळ बोट तिथंच ठेवून होती. आजीला वाचता येत नव्हतं. पण त्या दिवसानंतर तिनं मला दिवा लावल्यावर अभ्यासातून कधी उठवलं नाही.

तुम्हाला वाटेल, बायकांच्या ओव्या कोण एवढ्या जपणार? तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी सोबत्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांत बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. प्रत्येक ओवी कुणी म्हटली, कोणत्या गावात म्हटली, त्याची नोंद ठेवलीय. अभ्यास करणारे लोक आज त्या ओव्या वाचतात, ऐकतात. म्हणजे आपल्या आज्या अडाणी नव्हत्या. त्यांचं लिहून घेणारं कुणी नव्हतं.

बाई आता निवृत्त आहेत, लेकीकडं राहतात. मी बी.ए. झाले तेव्हा पेढे घेऊन गेले होते. पेढा हातात धरून त्यांनी पहिला प्रश्न केला, “सध्या काय वाचतेस?” पास किती टक्क्यांनी झालीस, ते नंतर.

आणि ती ऊसतोडीला जाणारी मैत्रीण? तिची गोष्ट सगळी गोड नाही. आठवीनंतर तिची शाळा सुटली. अठरा व्हायच्या आत लग्न झालं. बाई तिच्या घरी दोनदा जाऊन आल्या, तरी ते लग्न थांबलं नाही. पुस्तकानं सगळं होत नाही, हे मी तुम्हाला खोटं कशाला सांगू? पण वाचायची सवय तिनं सासरी नेली. किराणा बांधून आलेला पेपर ती सरळ करून वाचायची, त्यावरून सासू चिडायची. पुढं तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि लेक पहिलीत असताना स्वतः दहावी पास झाली. आज ती आपल्याच तालुक्यातल्या एका गटाची सचिव आहे.

मागं त्यांच्या गावात घरपोच कर्ज देणारा एक माणूस आला. आधार कार्ड आणा, इथं सही करा, उद्या पैसे. बायका सही करायला बसल्याही होत्या. ही म्हणाली, “दादा, कागद द्या इकडं, मी वाचून दाखवते.” तो म्हणाला, “सगळं नेहमीचंच आहे, ताई.” ती म्हणाली, “नेहमीचंच असू द्या, ऐकायला काय जातं?” आणि तिनं ओळ अन् ओळ मोठ्यानं वाचली. विम्याचे म्हणून आधीच किती कापणार, हप्ता चुकला तर दंड किती, एकीनं नाही भरला तर बाकीच्यांनी भरायचा, हे सगळं त्यात होतं. बायकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तो उद्या येतो म्हणून गेला, तो काही परत आला नाही. त्या महिन्यात गटानं आपल्याच पैशातून दोघींची गरज भागवली.

मी तिला विचारलं, एवढा धीर कुठून आला? ती म्हणाली, “कोपीत चिमणीच्या उजेडात वाचायचे मी. हा कागद तर दिवसाउजेडी होता.”

मैत्रिणींनो, म्हणून आज माझं तुमच्याकडं एक मागणं आहे. प्रत्येक गावात अशी बाई नेमली जाईल, याची वाट बघत बसू नका. आपल्या राज्यात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली मान्यता मिळालेल्या गावच्या वाचनालयाला सरकारचं अनुदान मिळतं. आपल्या गावात असं वाचनालय आहे का, ते कधी उघडतं, तिथं बाईमाणसानं बसायला जागा आहे का, हे ग्रामसभेत विचारा. शाळेत पुस्तकांचं कपाट असेल तर किल्ली कुणाकडं आहे, हे शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांनी विचारा. विचारताना भांडायला जाऊ नका. आम्ही पुस्तकं फिरवतो, नोंद ठेवतो, हरवलं तर भरून देतो, असं गटाच्या वतीनं सांगा. जामीन राहा.

आणि बैठकीत दहा मिनिटं काढा. बचत जमा झाली, हप्ते झाले, इतिवृत्त लिहून झालं, की एकीनं मोठ्यानं वाचायचं. गोष्ट असो, शेळ्यांची पुस्तिका असो, योजनेचा कागद असो, नाहीतर लेकीच्या पुस्तकातला धडा. जिला वाचता येत नाही तिनं ऐकायचं, आणि पुढच्या खेपेला एक ओवी नाहीतर एक आठवण सांगायची. जिचं अक्षर चांगलं आहे तिनं ती वहीत उतरवायची, खाली सांगणारीचं नाव आणि गाव लिहायचं. वहीला एक नंबर द्या. मग तीही पुस्तकच.

गटाच्या पेटीत जसं बचतीचं रजिस्टर असतं, तसं एक देवघेवीचं रजिस्टर ठेवा. रकाने पाचच: नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, सही. सही येत नसेल तर अंगठा चालेल. पण अंगठा उठवणाऱ्या मावशीचं नाव हळूहळू सहीत कसं उतरेल, ते शेजारी बसणारीनं बघायचं.

दिवाळी काही लांब नाही. आपल्या गावातून टोळ्या निघतील, त्यांच्याबरोबर लेकरंही जातील. त्यांची शाळा बुडू नये यासाठी शाळेत बोलायचं ते बोलूच. पण निघायच्या आधी प्रत्येक लेकराच्या बोचक्यात दोन पुस्तकं जातील, एवढं तरी गटानं बघावं. परत करण्याच्या रकान्यात लिहा, पाडव्यानंतर.

ज्या गटानं वही सुरू केली त्यांनी मला कळवा. पहिल्या वहीतली पहिली आठवण आपण याच कार्यक्रमात वाचू, सांगणाऱ्या मावशीच्या नावानिशी. नमस्कार.